रविवारची चोरी, शनिवारचा फोल्डर

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर कॅमेरा घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार कॅमेऱ्याबद्दल फारसं विचारत नाही. चित्र स्पष्ट येतं का, रात्री दिसतं का, पावसात टिकतो का, हे सगळं नंतर. आधी प्रश्न येतो, "सर, कितने दिन का बॅकअप?" टाउन हॉलजवळच्या या गजबजलेल्या भागात वायरीचं टोक असलेली कुठलीही वस्तू मिळते, आणि इथल्या दुकानदारांनी इतकी गिऱ्हाइकं पाहिली आहेत की उत्तरही त्यांना आधीच ठाऊक असतं. गिऱ्हाईक थोडा विचार केल्यासारखं करतं आणि म्हणतं, "तीस दिवस."

तीसच का, हे विचारायचं नसतं. कर्नाटकात सार्वजनिक सुरक्षेचा २०१७ चा कायदा आहे. जिथे गर्दी जमते अशा आस्थापनांनी कॅमेरे लावावेत आणि चित्रण तीस दिवस जपून ठेवावं, असं तो सांगतो. टू-बीएचकेच्या दाराबाहेर काढलेल्या चपलांना तो लागू नाही. पण सरकारने एकदा आकडा काढला की तो घरोघरी पोचतो, आणि मग चपलाही तीस दिवस जपल्या जातात.

आता हिशोब. बऱ्यापैकी चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती ओततो असं धरलं, तर दिवसाला ४३ जीबी होतात. दार, बाल्कनी, जिना आणि गाडी असे चार कॅमेरे धरले की दिवसाला १७३ जीबी. एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. शिवाय खोक्यावर एक टीबी लिहिलेली ती डिस्क विंडोजला जोडली की ९३१ जीबी दाखवते. यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन रीती आहेत. तरीही गिऱ्हाइकाला रॉकेलच्या मापाची आठवण होतेच. तीस दिवसांसाठी पाच टीबीहून जास्त जागा लागते. बेंगळुरूत "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" म्हणजे 'जरा सांभाळून घ्या' म्हटलं की तिघांच्या बाकावर चौथा बसतो. हार्डडिस्कला कन्नड येत नाही.

दुकानदाराकडे यावर तोडगा तयार असतो. "मोशन पे डालो सर." म्हणजे काही हललं तरच नोंद करायची. कागदावर हा सल्ला बिनतोड आहे, पण तो देणाऱ्याने बेंगळुरूतली झाडं हिशोबात धरलेली नसतात. या शहरात सगळंच हलतं. पर्जन्यवृक्षाची सावली हलते, तबेबुयाची गुलाबी फुलं दिवसभर गळत राहतात, एप्रिल-मेमधला वळीव आडवा येतो. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि तो भिंगासमोरच जाळं विणतो. मग पहाटेपर्यंत यंत्रणा एकाच कोळ्याची शेकडो क्षणचित्रं इमानेइतबारे साठवत बसते. तीस दिवसांची जागा पुन्हा आठ-दहा दिवसांवर येते, आणि त्यातले बरेचसे दिवस कोळ्याचे असतात.

इथवरची कहाणी कुठल्याही गिऱ्हाइकाची झाली. पण व्हाइटफील्ड-सर्जापूर रोडच्या पट्ट्यात राहणारा, मूळचा पुण्या-सांगलीचा, सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं घालवलेला मराठी गृहस्थ दुकानदाराचा चित्रण साठवणारा तयार डबा घेत नाही. त्याचं तत्त्व असतं. आपल्या दारातलं चित्र परक्या कंपनीच्या क्लाउडवर का जावं? तत्त्व चांगलंच आहे, प्रस्तुत लेखकाचा त्याला पाठिंबा आहे. मात्र त्या तत्त्वापायी माळ्यावरचा जुना संगणक खाली येतो आणि गृहस्थ रात्री अकरानंतर घरातल्या घरात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. दिवसा ऑफिसात तो हेच करत असतो, पण तिथे पगार मिळतो.

अशा माणसासमोर सहसा दोन वाटा असतात. ब्लू आयरिस हे विंडोजवर चालणारं, विकत घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर. फ्रिगेट हे ओपन सोर्स, फुकट, आणि फुकट असल्यामुळे वेळ मागणारं. दोन्हींचा मूळ मामला एकच. चित्रफिती एका जागी फोल्डरांत पडतात, आणि कुठली फीत कधीची, कुठल्या कॅमेऱ्याची, तीत माणूस दिसला की मांजर, याची नोंद दुसऱ्या जागी, डेटाबेसमध्ये. फिती अवजड आणि नोंदी चिमुकल्या. नोंद हरवली तर फीत असून नसल्यासारखी, आणि फीत गेली तर नोंद नुसतीच हळहळ लावणारी.

पुण्याच्या पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांना हे नवं नाही. तिथे मोडी कागद रुमालांत बांधलेले, आणि रुमालात काय आहे ते रुमाल सोडल्याशिवाय कळायचं नाही. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा कुठे बाहेरच्या माणसाला त्या ढिगाऱ्यात हात घालायची सोय झाली. फ्रिगेट चित्रण साधारण दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत साठवतं. अखंड चित्रण चालू असेल तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ८,६४० तुकडे, चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांत दहा लाखांच्या वर. घरटी एक पेशवे दफ्तर झालं, आणि घरटी सरदेसाई मिळणं कठीण.

ब्लू आयरिसच्या फोल्डरांची नावं साधी आहेत: न्यू, स्टोअर्ड, अलर्ट्स आणि नोंदींसाठी डीबी. नवी फीत 'न्यू'मध्ये पडते. तिथे ठरवलेले दिवस भरले किंवा जागा भरली की ती 'स्टोअर्ड'मध्ये जाते. नवख्याला वाटतं, स्टोअर्ड म्हणजे झालं, आता ती कायमची जपली गेली. प्रत्यक्षात तो फक्त पुढचा मुक्काम असतो, आणि तिथलीही मुदत संपली की फीत पुसली जाते. कपाटातली साडी ट्रंकेत जाते, आणि ट्रंकेतली बोहारणीकडे, तसाच हा प्रवास. फरक इतकाच की इथे बदल्यात पातेलं मिळत नाही.

फ्रिगेटची रीत आणखी शिस्तीची. तारखेचा फोल्डर, त्यात तासाचा, त्यात कॅमेऱ्याचा, आणि आत मिनिट-सेकंदांच्या नावाने फिती. पाहून समाधान वाटावं अशी मांडणी आहे. तरी बेंगळुरूतल्या किती पहाटा तिने नासवल्या असतील, याची गणती नाही, कारण ही सगळी नावं जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत असतात.

रविवारी पहाटे सव्वापाचला दारावर लटकवलेल्या पिशवीतून नंदिनी दुधाची पिशवी कुणीतरी उचलली, असं समजा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर गेलं तर वेळ भारतीयच दिसते, प्रश्न मिटला. पण हा गृहस्थ पडद्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हे. तो काळी खिडकी उघडतो आणि थेट फोल्डरात शिरतो. रविवारच्या फोल्डरात '०५' उघडतो. तिथल्या फितीत सकाळचे पावणेअकरा-अकरा वाजलेत, उजेड लख्ख आहे, आणि पलीकडच्या फ्लॅटमधल्या आजी रांगोळीवरून चालणाऱ्या कुरिअरवाल्याला कन्नडमधून समज देत आहेत. चोर कुठेच नाही. चोर आहे शनिवारच्या फोल्डरात, '२३' क्रमांकाच्या तासात, ४५व्या मिनिटाला. पाच तास तीस मिनिटं मागे जायचं म्हणजे तारीखही बदलते, तासही आणि मिनिटंही. न्यूयॉर्कच्या माणसाला निदान मिनिटं तरी बदलावी लागत नाहीत.

हा अर्धा तास आपल्याला १९०६ पासून चिकटलेला आहे. तेव्हा देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. सोडली नसती तर आज गिरगावातल्या कॅमेराधारकाला चार तास एक्कावन्न मिनिटांची वजाबाकी करावी लागली असती. मुंबईकरांनी वेळेत माघार घेतली असंच म्हटलं पाहिजे.

"सापडला का रे?" स्वयंपाकघरातून विचारणा होते.

"यूटीसी बघतोय."

"दुसरी पिशवी आणायला गेला असतास तर एव्हाना चहा होऊन गेला असता."

हे खरंच असतं, पण तांत्रिक चर्चेत त्याला स्थान नसतं.

हलणाऱ्या सावल्यांवर उपाय म्हणून आता माणूस, मांजर, मोटार ओळखणारी यंत्रणा जोडतात. त्यासाठी वापरली जाणारी अनेक तयार मॉडेलं 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने तो २०१४ साली आला. त्यातल्या ८० वस्तूंची यादी वाचनीय आहे. त्यात जिराफ आहे, झेब्रा आहे, अस्वल आहे, बर्फावरची घसरपट्टी आहे आणि हॉट डॉगसुद्धा आहे. ऑटोरिक्षा नाही आणि माकडही नाही. म्हणजे सर्जापूर रोडवर तुमच्या फाटकाशी जिराफ येऊन उभा राहिला तर यंत्रणा क्षणात सांगेल, पण रिक्षा आली तर तिला कधी कार म्हणेल, कधी ट्रक. हैदराबादच्या आयआयआयटीने पुढे हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवरून चित्रं गोळा करून भारतीय संग्रह तयार केला, त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र जागा दिली. तोवर बेंगळुरूतल्या घराघरांतल्या डेटाबेसांत रिक्षा दुसऱ्याच्या नावावर राहत होत्या.

तरीही डेटाबेसाचा खरा वैरी बाहेर नसतो, घरातच असतो. तो म्हणजे नीटनेटकेपणाची हौस. कुणीतरी, बहुधा सुट्टीला आलेले काका, 'स्टोअर्ड'मधला पसारा पाहतात आणि त्यांना राहवत नाही. नातीच्या पहिल्या सायकलीची फीत उचलून ते 'चिंगीची सायकल' अशा फोल्डरात ठेवतात, कोळ्याच्या फिती कचऱ्यात टाकतात, आणि दोन-तीन फोल्डरांना समजतील अशी नावं देतात. काम चोख असतं, फक्त डेटाबेसाला कुणी कळवलेलं नसतं. सॉफ्टवेअरच्या यादीत सगळ्या फिती जागच्या जागी दिसतात, बोट लावलं की पडदा काळा. उलट दिशेलाही घोळ होतोच. डिस्कवर फिती जागा अडवून बसलेल्या, आणि नोंदींत त्यांचा पत्ताच नाही. त्यांना कुणी पुसत नाही, कारण पुसणाऱ्याला त्या आहेत हेच माहीत नाही. सरकारी वसाहतीत निवृत्तीनंतरही क्वार्टर न सोडलेल्यांसारख्या त्या सुखाने नांदतात.

यावर ब्लू आयरिसमध्ये डेटाबेस दुरुस्त करण्याची आणि नव्याने उभारण्याची सोय आहे. बटण दाबलं की सॉफ्टवेअर फोल्डर चाळून नोंदी पुन्हा लिहायला लागतं. फिती जास्त असतील तर हे बराच वेळ चालतं आणि त्या काळात गृहस्थ कुणाशी बोलत नाही. फ्रिगेटमध्ये नोंदी आणि फिती ताडून पाहण्याची सोय आली, तिच्यात एक शहाणपण कुणीतरी घालून ठेवलं आहे. ताडून पाहताना निम्म्याहून जास्त नोंदी पुसाव्या लागतील असं दिसलं तर ती पुसत नाही, थांबते. एवढं सगळं एकदम नाहीसं होत नसतं, कुणीतरी डिस्कच काढून ठेवली असावी, असा तिचा कयास. बँकेत, पतपेढीत आणि मतदार याद्यांच्या कामातही ही ओळ घालता आली तर पाहावं.

वीज जाते तेव्हा निराळा प्रकार. फीत लिहिता लिहिता दिवे गेले तर शेवटचे काही सेकंद जातात, त्याचं कुणाला फारसं वाटत नाही. नोंद लिहिता लिहिता गेले तर पंचाईत मोठी. म्हणून जाणकार सांगतात, संगणकाला यूपीएस जोडा, डेटाबेस चपळ एसएसडीवर ठेवा, फिती जाडजूड फिरत्या डिस्कवर. त्यासाठी एस. पी. रोडवर 'पर्पल' मागायची, चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेली. अँटीव्हायरसला या फोल्डरांपासून लांब ठेवा, नाहीतर तो प्रत्येक फीत उघडून पाहतो आणि कोळ्यात विषाणू शोधत बसतो.

डेटाबेस नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नका, हेही सांगतात. फ्रिगेट नोंदींसाठी एसक्यूलाइट वापरतं, आणि नेटवर्कवर फाइलला कुलूप लावण्याचा भरवसा नाही, असं एसक्यूलाइटवाले स्वतःच बजावतात. गृहस्थ ठेवतोच. मग एका सकाळी 'डेटाबेस इज लॉक्ड' असा संदेश येतो, आणि ज्या घराच्या दाराला कुलूप लावायला सगळे विसरतात त्या घरात एक तरी गोष्ट कुलूपबंद झाल्याचं समाधान मिळतं. या एसक्यूलाइटचा जन्म मोठा रुबाबदार आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो लिहायला घेतला तो अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या कामातून. जहाजाला कुठे मार बसला तर कुठली झडप बंद करायची, हे सांगणारा प्रोग्राम डेटाबेस सर्व्हर बंद पडला की हात वर करायचा, म्हणून त्यांना सर्व्हरच नको असलेला डेटाबेस हवा होता. आज तो जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. विनाशिकेवरून निघालेली ही विद्या तिसऱ्या मजल्यावर कोणतं मांजर किती वाजता आलं याची नोंद ठेवते, आणि तक्रार करत नाही.

एवढी यातायात कशासाठी, असं वाटणाऱ्यांनी जालन्याचा खटला आठवावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल हरले. वाद मतांचा नव्हता, वेळेचा होता. अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनला संपत होती, आणि खोतकरांचे कागद त्यानंतर घेतले गेले, असा आरोप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रण होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. मिळालं नाही ते प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम ६५बचं प्रमाणपत्र लागत असे, आणि वारंवार मागूनही ते देण्यात आलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्यच, मात्र मागणाऱ्याने हातातलं सगळं करून पाहिलं असेल आणि अधिकारीच देत नसतील, तर त्याला अडवता येणार नाही. तोवर ती विधानसभा संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती, आणि तीत गोरंट्याल जिंकलेही होते. चित्रणातलं घड्याळ किती वाजले सांगतं, हा प्रश्न जवळपास सहा वर्षं चालला. दुधाची पिशवी गमावलेल्या गृहस्थाने हे वाचलं तर त्याला यूटीसीचा राग येणार नाही.

पोलीस ठाण्यांसाठी तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात अठरा महिन्यांचं चित्रण जपायला सांगितलं. बेंगळुरू पोलिसांनीही निर्भया निधीतून शहरभर सात हजारांहून जास्त कॅमेरे बसवले, त्यांना स्वतंत्र नियंत्रण कक्ष आहे, पडद्यासमोर बसायला माणसं आहेत. घरच्या चार कॅमेऱ्यांसमोर बसायला फक्त सांगलीहून आलेल्या आई असतात, आणि त्यांना बाल्कनीतून जास्त चांगलं दिसतं.

१ जुलै २०२४ पासून कलम ६५बची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ने घेतली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग झाले. अ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं, म्हणजे त्या फाइलीतून गणिताने काढलेली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. फितीतला एक कण जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते. हॅश कुठल्या पद्धतीने काढला, त्यावरही खूण करायची असते.

आता बेंगळुरूतल्या एखाद्या अपार्टमेंटमधून मुलाची सायकल गेली, असं समजू. असोसिएशनच्या सेक्रेटरींनी अ भाग त्याच दिवशी भरला. ब भागासाठी 'आपल्यात कुणी तज्ज्ञ आहे का?' असा संदेश त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, आणि ही घोडचूक झाली. बेंगळुरूतल्या अपार्टमेंटमध्ये तज्ज्ञ नसलेला माणूस शोधायचा तर वॉचमन अण्णांच्या केबिनपर्यंत जावं लागतं. संध्याकाळपर्यंत बी विंगमधून आठ नावं आली. सी विंगने विचारलं, डेटाबेसवाला तज्ज्ञ हवा की सिक्युरिटीवाला? एकाने एमडी५ ही खूण करणं म्हणजे २०२४ मध्ये लाज आणणं आहे, असं लिहिलं. दुसऱ्याने एसएचए-२५६ सुचवलं आणि सोबत चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाचा दुवा दिला. तिसऱ्याचं म्हणणं, फीत बाहेर काढताना सॉफ्टवेअर ती नव्याने लिहितं की मुळातली उचलतं, हे आधी ठरवा, नाहीतर हॅश काढून उपयोग काय. निवृत्त कर्नल साहेबांनी शिस्तीचं आवाहन केलं. चौथ्याने डेटाबेस आधी दुरुस्त करून घ्यावा असा ठराव मांडला, त्यावर मतदान लावलं, आणि मुदत वाढवून दिली, कारण अर्धी सोसायटी जोडून आलेल्या सुट्टीत कूर्गला गेली होती.

ठराव मंजूर झाला. सेक्रेटरी बी विंगमधल्या दोन तज्ज्ञांना घेऊन तळघरातल्या केबिनमध्ये उतरले. फोल्डर उघडला, तर त्यातली सगळ्यात जुनी फीत सायकल गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.